कड्ड झालं आणि पडदा निळा

१

रविवारी आपण विश्वचषकाची फायनल जिंकलो. सोमवारी सगळं सोलापूर आनंदात होतं, त्यामुळे उशिरा उठलं. एकटी उत्कर्षा सकाळीच चनबसप्पांच्या दारात उभी होती आणि आपली आठ सेकंदं चोरीला गेलीत असं सांगत होती.

"सेकंदं?" चनबसप्पा म्हणाले. "बसा. चहा घ्या. मास्तर, तुम्ही सरका जरा."

चनबसप्पा विमा कंपनीत सर्व्हेयर होते. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक आणि 'आपोआप' पेटलेले यंत्रमाग बघण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर खोटं ऐकायला मिळत नाही म्हणून ते उदास असत. मी त्यांचा शेजारी. कॉलेजात जाहिरातशास्त्र शिकवतो. मी विषय शिकवत असल्यामुळे जाहिरात करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

उत्कर्षा माझी जुनी विद्यार्थिनी. जवळच्या कुंभारी गावात तिच्या घरी कडक भाकरी होते. पापडासारखी पातळ, महिनोन्‌महिने टिकणारी, मोडली की आवाज देणारी. करणारी तिची आत्या, फुलाबाई. विकणारे मात्र शहरातले उदयसिंह शेठ. भाकरी कुंभारीतून बिननावाच्या पिशवीत निघायची आणि दुकानात 'यू. एस. कडक भाकरी' होऊन बसायची. यू. एस. म्हणजे उदयसिंह. पण बरीच गिऱ्हाइकं ती अमेरिकेला जाणारी भाकरी समजून दोन पुडे जास्त घेत.

पाकिटावर आत्याचं नाव घालायचं उत्कर्षाच्या मनात होतं. तिच्या वडिलांच्या, कुंडलिकरावांच्या, मनात नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : फायनलला एक जाहिरात करायची. पुढच्या शुक्रवारी शेठ वर्षाचा व्यवहार ठरवायला येतील, तोपर्यंत एका तरी गिऱ्हाइकानं 'फुलाबाईची भाकरी' असं नाव घेऊन मागितली तर नाव राहील. नाही तर पुन्हा बिननावाची पिशवी, आणि उत्कर्षानं बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा.

"आणि जाहिरात लागलीच नाही?" मी विचारलं.

"लागली की, सर. लई गाजली. सगळ्या गावाच्या तोंडात आहे. फक्त कुणाची ते कुणालाच माहीत नाही."

तिनं मोबाईलवर मूळ जाहिरात दाखवली. एक पैलवान दोन्ही हातांनी, मग गुडघ्यावर ठेवून भाकरी वाकवू बघतो. भाकरी हलत नाही. फुलाबाई येते, ती हातातून काढून घेते आणि दोन बोटांनी मोडते. कड्ड! मग प्रेक्षकांकडे बघून विचारते, "दात हायत न्हवं?" आणि पडद्यावर 'फुलाबाईची कडक भाकरी' उमटतं.

"हे शेवटचं कुणी बघितलंच नाही," उत्कर्षा म्हणाली. "कड्ड झालं की जाहिरात तोडली. मी चौकात मोठ्या पडद्यासमोर भाकरीचे तुकडे वाटत होते. माझ्या डोळ्यांदेखत तीनदा तोडली."

चनबसप्पांचा चेहरा उजळला. "चुकून एकदा तोडतात. तीनदा तोडायला माणूस लागतो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि फोन पालथा ठेवला. उदयसिंह शेठच्या दुकानावर नवा बोर्ड लागला होता : टीव्हीवर मोडली ती भाकरी हीच!

२

"खेळ खलास," शेठच्या दुकानासमोर पोचताच मी म्हणालो. "गुन्ह्याचा फायदा कुणाला, ते बघायचं. बोर्डच कबुलीजबाब आहे."

चनबसप्पा बोर्डाजवळ गेले आणि त्यांनी 'हीच'वर बोट टेकवलं. बोट लाल झालं.

"ओला आहे," ते म्हणाले. "कट करणारा माणूस रंग आधी आणतो, मास्तर."

उदयसिंह शेठ पांढऱ्या कपड्यांत, प्रसन्न. त्यांनी आम्हाला यू. एस. भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. भाकरी उत्तम होती. असणारच, ती फुलाबाईची होती.

"बोर्डात खोटं काय आहे सांगा," ते म्हणाले. "ती बाई मोडते ती भाकरी, आणि ही भाकरी, एकाच तव्यावरची. मी कुठं म्हणतो ती बाई माझी आहे?"

"बरोबर," चनबसप्पा म्हणाले. "गावातली सगळ्यांत खरी जाहिरात तुमचीच आहे."

शेठ थोडे पुढं वाकले. "एक विचारू? शेवटी काय होतं हो त्या जाहिरातीत? मोडल्यावर म्हातारी तोंड उघडते आणि जाते. काय म्हणते? घरातले सगळे डोकं खाताहेत. सून म्हणते, जावयाला शिवी देते."

बाहेर आल्यावर चनबसप्पांनी माझ्याकडे बघितलं. "ज्यानं तोडली त्याला पुढचं माहीत असतं. ह्या माणसाला खरंच झोप नाही."

"तोंड बघून ठरवताय?"

"गोदाम जाळलेल्या माणसानं मला कधी विचारलं नाही, की आत काय जळालं."

मला हे पटलं नाही. पण दुसरा संशयित माझ्याकडे तयार होता.

३

तो म्हणजे ऋतुराज. पुण्यात तीन वर्षं जाहिराती करून आलेला. होटगी रोडला त्याचा स्टुडिओ. उत्कर्षाची जाहिरात त्यानंच केली होती. त्याचा चष्मा फार मोठा होता आणि मराठी फार थोडं.

"बेसिकली, सर, मोठ्या मॅचची जाहिरात म्हणजे इमोशन," तो म्हणाला. "सगळं शहर एका वेळी एकच गोष्ट बघतंय. तिथं प्रॉडक्ट विकायचं नाही. स्टोरी द्यायची. नाव शेवटी. रिव्हील!"

मी वर्गात अगदी हेच शिकवतो. त्यामुळे माझा संशय बळावला.

"आणि नाव दाखवलंच नाही तर उत्सुकता आणखी वाढते," मी म्हणालो. "असं तुला वाटलं असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे तूच तोडलीस."

ऋतुराजचा चष्मा नाकावर घसरला. "सर, मी? नावाच्या खाली बघा की."

बघितलं. चटणीच्या रंगाच्या अक्षरांत 'फुलाबाईची कडक भाकरी' होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'दिग्दर्शन : ऋतुराज'.

"हा माणूस," चनबसप्पा शांतपणे म्हणाले, "बाकीची सगळी जाहिरात तोडेल, पण एवढं ठेवेल."

उत्कर्षा पडद्यावर वाकली होती. "ही अक्षरं चटणीची कधी केलीस? माझ्याकडच्या जाहिरातीत साधी होती."

"फायनलच्या सकाळी सुचलं. खऱ्या चटणीनं ताटात काढली आणि फोटो घेतला. इथून बाहेर तेवढी एकच कॉपी गेली. थेट केबलवाल्या बिरुदेवकडे. तुला सरप्राइज म्हणून."

"मग मला कळायचं ते कसं?"

"पडद्यावर दिसलं असतं ना," ऋतुराज म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

४

कुंभारीला फुलाबाई चुलीपुढं होती. हातातल्या भाकरीवर थापा पडत होत्या. तिनं आमच्याकडे बघितलं, पण थापा थांबल्या नाहीत. जाहिरातीमुळे तिच्यात झालेला बदल एवढाच, की चौकशीला आलेल्या बायकांना ती आता वाकवायला भाकरी देत होती.

कुंडलिकराव अंगणात बसले होते. त्यांना 'भाकरी' हा शब्द आवडत नसे. ते 'माल' म्हणत.

"माल चांगला हाय, चालतोय, कशाला पायजे नाव?" ते म्हणाले. "शेठ काय वाईट मानूस न्हाय. नाव घातलं की मग नावाला जपत बसायचं. एक भाकरी करपली की आक्काची बदनामी. बिननावाच्या मालाची कुनी बदनामी करत न्हाय."

"जाहिरात बघितली का तुम्ही?" चनबसप्पांनी विचारलं.

"मी कशाला बघू? मी मॅचच बघत न्हाय. ह्या पोरीला सांगून दमलो. आन् त्या पुण्याच्या पोरानं काय केलं, तर चांगली चटणी घिऊन अक्षरं काढली! खायाची वस्तू!"

मी चनबसप्पांचा दंड दाबला. त्यांनी माझा हात काढून ठेवला आणि चहाची दुसरी कपबशी मागितली.

परत येताना मी गाडीत बोललोच. उत्कर्षा मागं बसली होती, पण सत्य बोलायचं तर बोलावं.

"चटणीच्या अक्षरांची एकच कॉपी स्टुडिओबाहेर गेली. ती कॉपी बिरुदेवकडे. गावात ती कुणी बघितली नाही. मग कुंडलिकरावांना कशी माहीत? ते बिरुदेवकडे गेले होते. जाहिरात पडावी असं कुणाला वाटत होतं? त्यांनाच."

उत्कर्षा खिडकीबाहेर बघत होती. वळणावरचे उसाचे ट्रॅक्टर गेले. मग म्हणाली, "काका, तसं असेल तर मला सांगू नका. मी क्लास लावते."

"सांगणार," चनबसप्पा म्हणाले. "पण आधी बिरुदेवकडे जाऊ."

५

बिरुदेव मूळचा वळसंगचा. घरची मेंढरं भावाकडे ठेवून शहरात आला आणि पार कुंभारीपर्यंत केबल टाकली. मॅचच्या मध्ये जाहिरातींची वेळ झाली की तो चॅनलच्या जाहिराती झाकून गावातल्या दाखवतो. हे कायदेशीर आहे का, असं त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

त्याची खोली छोटी होती. यंत्रांवर यंत्रं, वर लिंबू-मिरची. एका डब्यावर एक चप्पल उलटी ठेवली होती. खुर्ची भिंतीकडे वाकडी. बिरुदेवच्या अंगात टीमची निळी जर्सी, आणि तिचा वास बघता ती फायनलपासूनच होती. खिडकीत चहाचा अर्धा ग्लास, वर साय धरलेली.

मी खुर्ची सरळ करून बसायला गेलो.

"हात लावू नगा!" बिरुदेव ओरडला. मग ओशाळून म्हणाला, "म्हंजे, बसा की सर. पर हितं खाली बसा."

"गुरुवारी पुन्हा मॅच आहे ना?" चनबसप्पांनी विचारलं. विश्वचषक घेऊन खेळाडू अजून घरीही पोचले नव्हते, तरी गुरुवारी नवी मालिका सुरू होत होती.

"व्हय."

"म्हणून ठेवलंय का हे सगळं जसंच्या तसं?"

बिरुदेवनं जर्सी खाली ओढली.

"कुंभारीचे कुंडलिकराव आले होते का तुझ्याकडे?" मी मध्येच विचारलं.

"कोन कुंडलिकराव?"

"झालं का समाधान, मास्तर?" चनबसप्पा म्हणाले. ते जमिनीवर मांडी घालून बसले. गोदामाचा निकाल सांगताना ते असेच बसत असणार. "आता ऐका. जाहिरात चारदा लागली, उत्कर्षानं बघितली तीनदाच. पहिल्यांदा कधी?"

"आपला पहिला गडी गेला तवा," बिरुदेव म्हणाला.

"तेव्हा चौकात काय झालं, उत्कर्षा?"

"सगळे वैतागून उठले. कुणी चहाला, कुणी तंबाखूला. माझ्याभोवती तुकडे घ्यायला गर्दी. पडद्याकडे माझी पाठ होती."

"म्हणजे पहिल्यांदा पडद्यासमोर कुणी नव्हतं. म्हणून जाहिरात पूर्ण लागली का अर्धी, हे गावाला ठाऊकच नाही. आता दुसरी वेळ. आपली बॉलिंग. कड्ड झालं, आणि मग पडद्यावर काय आलं?"

"लगेच मॅच," उत्कर्षा म्हणाली. "बॉलर धावत येत होता."

"आणि तिसऱ्यांदा, चौथ्यांदा?"

"कड्ड झालं आणि पडदा निळा. कोरा. बराच वेळ."

"बरोबर! दुसऱ्यांदा मॅच सुरू झाली म्हणून तोडावी लागली. घाई झाली, चूक झाली. पण तिसऱ्यांदा खेळाडू पाणी पीत होते. वेळ भरपूर होता. निळा पडदा ठेवायला जागा होती, पण फुलाबाईंच्या नावाला नव्हती. म्हणजे दुसरी वेळ अपघात, आणि तिसरी मुद्दाम. आता सांगा, दोन्हींच्या मध्ये असं काय घडलं, की ह्या माणसाला तीच चूक जपून पुन्हा करावीशी वाटली?"

मी उलट्या चपलेकडे बघितलं. मग जर्सीकडे.

"पुढच्याच बॉलला विकेट पडली," मी म्हणालो.

बिरुदेवनं दोन्ही हात जोडले. "माज्या हातनं झालं ते. खरं सांगतो, मुद्दाम न्हवतं. ती म्हातारी कड्ड करती, मी बटन दाबतो, आन् बॉल थेट दांडीवर! तवा चप्पल अशीच पडलेली, खुर्ची अशीच. काय हलवायची टापच न्हाय माजी. पान्याच्या टायमाला परत कड्ड केलं. परत पडली! मग शेवटच्या ओव्हरला मी फुडचं कसं दाखवनार? म्हातारीनं तोंड उघडलं आन् त्यांनी सिक्स मारला तर? तुमी सांगा, तुमची जाहिरात मोठी का देश मोठा?"

उत्कर्षा रागावण्यासाठी उभी राहिली, पण तिला हसू आलं. "आमच्या चौकात पण तेच चाललं होतं," ती म्हणाली. "विकेट पडली तेव्हा तिप्पण्णा मामा नेमके नळाजवळ होते. लोकांनी त्यांना मॅच संपेपर्यंत नळाजवळच उभं केलं."

"बघा मास्तर," चनबसप्पा म्हणाले, "तुमचं ते इमोशन. हरताना माणूस उठून जातो. जिंकताना उठायची त्याची हिंमत होत नाही. कूस बदलत नाही, मग जाहिरात कशाला चुकवेल? समोर येईल ते बघतो, आणि पुढं जे होतं त्याचं श्रेय त्याला देऊन टाकतो. फुलाबाईंनी तीनदा भाकरी मोडली, आपण कप जिंकलो. अशी जाहिरात अजून कुणाला मिळाली नसेल. फक्त तिला नाव नाही."

"मग बाबांना अक्षरं कशी माहीत?" उत्कर्षानं हळूच विचारलं.

"जाहिरात पूर्ण एकदाच लागली. पहिल्यांदा. गाव उठून गेलं होतं. कुंभारीत एक माणूस टीव्हीपुढून उठला नाही. मॅच न बघणारा." चनबसप्पा थांबले. "त्याला मॅचशी देणंघेणं नव्हतं, बाई. तो जाहिरातीची वाट बघत बसला होता."

उत्कर्षा लिंबू-मिरचीकडे बघत राहिली. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाली. मिरची असेल.

६

आता प्रश्न गुरुवारचा होता. बिरुदेव पूर्ण जाहिरात दाखवायला काही तयार होईना.

"मागायचे तर माजे प्राण मागा," तो म्हणाला.

"तोड की," चनबसप्पा म्हणाले. "कड्ड झालं की तोड, पडदा निळा ठेव, चप्पल उलटीच ठेव. काही बदलू नको. फक्त राहिलेला तुकडा बाजूला तयार ठेव. विकेट पडली, की तो दाखव. तेव्हा तर काम झालेलं असतं ना?"

बिरुदेवनं सगळ्या बाजूंनी विचार केला. देवाला, देशाला आणि चपलेला ह्यात हरकत दिसत नव्हती. "आन् विकेट पडलीच न्हाय तर?"

"पडेल कधीतरी. दहा असतात."

गुरुवारी चौकात माणूस मावत नव्हता. तिप्पण्णा मामा न सांगता नळाजवळ जाऊन उभे राहिले. आपली बॉलिंग सुरू झाली. पैलवानानं भाकरी गुडघ्यावर घेतली, आणि चौक गप्प झाला. फुलाबाई आली. कड्ड! पडदा निळा.

"आता बघा!" कुणीतरी ओरडलं.

विकेट पडली नाही. पुढच्या ओव्हरलाही नाही. उत्कर्षाचा चेहरा उतरत चालला. लोक बिरुदेवच्या नावानं बोलू लागले. मी मनात ठरवत होतो की ह्यात माझं नाव येऊ द्यायचं नाही. आणि मग तिसऱ्या ओव्हरला एक उंच उडालेला चेंडू सीमेजवळ खाली यायला लागला, आणि यायलाच लागला, आणि झेलला गेला.

चौक हवेत उडाला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत असताना पडदा बदलला. सगळ्यांकडे बघत फुलाबाई म्हणाली, "दात हायत न्हवं?"

चार दिवस डोक्यात अडकलेलं काहीतरी सगळ्यांच्या डोक्यातून एकदम सुटलं. मग हशा असा उठला, की चटणीची अक्षरं लोकांनी हसता हसताच मोठ्यानं वाचली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी एकदम वाचली. पलीकडच्या तेलुगु गल्लीतल्या पोरांनी तर त्याचं दोन मिनिटांत गाणं केलं. खालची 'दिग्दर्शन : ऋतुराज' ही ओळ मात्र कुणी वाचली नाही. ती वाचताना फक्त ऋतुराज दिसला.

सामना संपेपर्यंत चौकातले लोक आपापल्या घरी जाऊन भाकऱ्या घेऊन आले होते. विकेट हवी असली की मोडायला.

७

शुक्रवारी उदयसिंह शेठ पेढे घेऊन कुंभारीला आले तेव्हा आम्हीही तिथं होतो. चनबसप्पांना निकाल प्रत्यक्ष बघायचा होता. मला पेढे.

शेठ थकलेले दिसत होते. सकाळपासून गिऱ्हाइकं यू. एस. भाकरी परत करत होती. 'ही नको, फुलाबाईची द्या,' म्हणत होती. ही फुलाबाईचीच आहे, असं शेठ शपथेवर सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते गल्ल्यावर बसून सलग खरं बोलत होते, आणि कुणीही विश्वास ठेवत नव्हतं.

"बाकी झोप लागली का?" चनबसप्पांनी विचारलं.

"ती लागली," शेठ म्हणाले. "सुनेला म्हटलं, शिवी नव्हती." मग कुंडलिकरावांकडे वळले. "तर राव, यंदाचा माल कधीपासून पाठवताय?"

उत्कर्षा दारात उभी होती. आतून थापांचा आवाज येत होता, एकसारखा.

कुंडलिकरावांनी पेढा हातात घेतला, बघितला, परत पेटीत ठेवला.

"माल न्हाय म्हनायचं," ते म्हणाले.

"मग काय म्हणायचं?"

कुंडलिकरावांनी घसा साफ केला. टोपी काढली आणि पुन्हा घातली. "फुलाबाईची भाकरी म्हनायचं. पुड्यावर तसंच लिवायचं. पटत असंल तर इका, लई चांगलं. पटत नसंल तर पेढे गोड हायत, चा घिऊन जावा."

आतल्या थापा थांबल्या.

"कुंडल्या," आतून फुलाबाईचा आवाज आला, "इतक्या वरसांत पयल्यांदा नाव घेतलंस की रं माजं."

"तुजं न्हाय, आक्का," कुंडलिकराव दाराकडे न बघता म्हणाले. "भाकरीचं."

"तेच की," फुलाबाई म्हणाली, आणि थापा पुन्हा सुरू झाल्या.